ताकदीची गोळी

१२ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. बस फाट्यावर सोडून गेली, तिथे दवाखान्याची जीप उभी होती आणि जीपमध्ये चक्क काका स्वतः. एवढा मोठा डॉक्टर, पण माझी ट्रंक स्वतः उचलून मागे टाकली आणि विचारलं, हिच्यात दगड भरून आणलेस की काय. मी म्हटलं, पुस्तकं आहेत. म्हणाले, मग दगडच. हसत हसतच आलो दोघं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं. पाण्याचे चौकोनी वाफे आणि कडेला मिठाचे ढीग, इतके पांढरे की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच दिसत राहतं. माणसं घोट्याभर पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. जीप दिसली की हात वर करायची. काकांना इथे सगळे मानतात, हे दिसतच होतं.

दवाखाना दुमजली आहे, मिठागराच्या मालकांनीच बांधून दिलेला. खाली तपासणी, औषधं आणि काकांची खोली. भरतीचं पाणी कधीकधी अंगणापर्यंत येतं, म्हणून मशीनं वरच्या मजल्यावर. चार खुर्च्या, चार मशीनं, समोर मोठी खिडकी. पाठीमागे माझी खोली. पलंग, टेबल, आणि काकूंनी स्वतः शिवलेले पडदे. संध्याकाळचं जेवण काका-काकूंकडेच. वेगळी चूल मांडायची नाही, अशी काकूंनी ताकीदच दिली आहे.

आईला कळवायला हवं की मी घरीच आले आहे. बाबा दुसऱ्या एका मिठागरावर कामाला होते. मी शाळेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. तिथले डॉक्टर हेच काका. शेवटपर्यंत त्यांनी बाबांचं पाहिलं, आणि बाबा गेल्यावर मला डायलिसिसच्या शिक्षणाला घातलं तेही त्यांनीच. आई म्हणते, सख्ख्या दिराने केलं नसतं एवढं या माणसाने केलं.

१७ फेब्रुवारी

मशीनं जुनी आहेत पण चांगली ठेवलेली. एक तेवढं मधूनच रुसतं. त्याला थोपटलं की चालू होतं. इथे कोणी डायलिसिस म्हणत नाही, ‘रक्त धुणं’ म्हणतात. मी रक्त धुणारी, म्हणून हसऱ्याने मला परीटबाई करून टाकलं आहे. हसरा म्हणजे माझा सगळ्यात लहान पेशंट. पंचविशीही गाठली नसेल. सुई टोचतानासुद्धा दात काढतो, म्हणून हे नाव. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मुकादम. पूर्वी वाफ्यांवर माणसं राबवायचे, आता माझ्यावर हुकूम सोडतात.

आणि ताई. ताई याच दवाखान्यात नर्स होती. आजारी पडेपर्यंत मशीनं तीच सांभाळायची. आता स्वतःच खुर्चीवर आली आहे. पहिल्या दिवशी तिने माझे हात बघितले आणि म्हणाली, हलके आहेत, निभेल. कुठल्या मशीनचा कुठला चिमटा सैल आहे, हे सगळं तिनेच शिकवलं. मला बहीण नाही. असती तर अशीच असावी.

३ मार्च

उन्हाची तिरीप मिठावरून उलटून येते आणि दुपारी डोकं फुटायची वेळ होते. त्यात पाण्याचे कॅन जिन्याने वर चढवायचे, त्यामुळे कंबर धरली आहे. काल काकूंना सांगितलं, तर त्यांनी फडताळातून डबा काढून एक पांढरी गोळी दिली. इथे तिला ताकदीची गोळी म्हणतात. सकाळी मिठागराच्या फाटकावर कंपाउंडर उभा असतो, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवतो, वर गोड सरबताचा पेला. मी काकांना विचारलं, यात काय असतं. म्हणाले, जीवनसत्त्वं आणि थोडं अंगदुखीचं, काळजी करू नको.

गोळी मात्र जादूची आहे. अर्ध्या तासात डोकं हलकं, कंबर मोकळी. काकूंनी अख्खी बाटली भरून दिली. घेत जा रोज, म्हणाल्या. पोरीसारखं बघतात माझ्याकडे.

२२ मार्च

एक गोष्ट सारखी डोक्यात घोळते. शिकताना शहरात जे पेशंट बघितले ते बहुतेक वयस्क, कोणाला वर्षानुवर्षांची साखर, कोणाला रक्तदाब. हसऱ्याला यातलं काहीच नाही. मुकादमांनाही दाब वाढला तो किडन्या गेल्यानंतर. आणि खुर्चीसाठी थांबलेले आहेत तेही सगळे तरुण.

काकांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. दिवसभर ऊन, घामाच्या धारा, आणि पिण्याचं पाणी लांब. बायकांना आडोसा नाही, म्हणून त्या पाणी पितच नाहीत. तपासायला कोणी येत नाही, येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. सगळं पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, मग आपणच जाऊ त्यांच्याकडे. काका खूश झाले. पाठ थोपटली.

म्हणून या आठवड्यात वाफ्यांवर गेले. दाब मोजले, पाणी किती आणि कधी प्यायचं ते सांगितलं. जेवणात मीठ कमी करा म्हटल्यावर एक म्हातारी मिठाच्या ढिगाकडे बघून इतकी हसली की खालीच बसली. तिच्यामागून सगळा वाफा हसला, मीही हसले. मग लघवी तपासायच्या पट्ट्या वापरल्या. पट्टी पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर किडनीतून प्रथिनं गळतायत.

हिरव्या. एकामागून एक हिरव्या. ती म्हातारी वाफ्यावर काम करत नाही, फाटकाबाहेर चहा विकते. तिची तेवढी पिवळी.

२९ मार्च

पट्ट्या संपल्या. मागवल्यात, असं काका म्हणतात.

९ एप्रिल

सकाळी चपला पायांत शिरेनात. आरशात बघितलं तर डोळ्यांखाली पिशव्या. आधी वाटलं, काकूंच्या हातचं खाऊन सुटले. मग मोरीत लक्ष गेलं. फेस. साबणाच्या पाण्यासारखा, लवकर न विरणारा.

माझ्या पिशवीच्या तळाशी एक पट्टी राहिली होती. बुडवली. मी कितीतरी जणांच्या पट्ट्या हिरव्या होताना बघितल्या आहेत. स्वतःची होताना बघणं निराळं. 

काकांनी ताबडतोब रक्त काढलं. शहरातल्या लॅबमध्ये पाठवलं. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पट्टी जुनी असेल, जुन्या पट्ट्या खोटं बोलतात.

१३ एप्रिल

लॅबचा फोन आला म्हणे. माझं सगळं ठीक. जीवात जीव आला. काकूंनी साखरभात केला.

२० एप्रिल

सूज उतरत नाही. जिना चढताना धाप लागते. सगळं ठीक असताना हे असं नसतं. मी हेच शिकले आहे, हेच माझं काम आहे.

आज एक केलं. नीट केलं की वाईट, कळत नाही. पेशंटांची रक्तं लॅबला जायची होती. माझं रक्त मीच काढलं आणि दोन नळ्यांत भरलं. एकीवर माझं नाव लिहिलं, दुसरीवर मुकादमांचं. मुकादमांचं खरं रक्त पाठवलंच नाही. काकांना म्हटलं, माझंही पुन्हा एकदा बघून घेऊ, मनाच्या समाधानासाठी. ते म्हणाले, अवश्य.

२३ एप्रिल

काकांनी मला खाली बोलावलं. फोनवरून उतरवून घेतलेलं वाचून दाखवत होते. माझ्याकडे बघून हसले. ‘तुझं अगदी उत्तम आहे,’ म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले की मुकादमांचं मात्र आधीपेक्षा बरं असलं तरी वाईटच आहे, या किडन्या आता परत उभ्या राहायच्या नाहीत.

एकच रक्त. एकाच सुईने काढलेलं.

मी बरं म्हटलं आणि जिना चढून वर आले.  वर येऊन मुकादमांच्या सुया काढल्या, कापूस दाबून धरला. 

२४ एप्रिल

गोळी घ्यायची बंद केली. डोकं असं ठणकतंय की भिंतीवर आपटावंसं वाटतं. बाटलीकडे हात जातो, मी तो दुसऱ्या हाताने धरते. म्हणजे तीच. चहावाल्या म्हातारीला गोळी मिळत नाही, तिचीच पट्टी पिवळी. सगळं पाणी, सगळं ऊन, ते खरंच. पण त्याच्यावर ही रोजची गोळी. तहानलेल्या शरीरात रोज दुखणं मारायचं औषध गेलं की किडन्या सुकतात, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि मी मूठ मूठ खाल्ली. कारण ती काकूंनी दिली होती.

दुपारी ताई मशीनवर होती. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि विचारलं, तुला माहीत होतं का.

 नळीतल्या रक्ताकडे बघत ती म्हणाली, ‘माहीत होतं. मीही तीच खाल्ली ना.’

‘मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस मला?’

‘तू निघून गेली असतीस.’ आवाज अगदी साधा, भाजी निवडताना बोलावं तसा. ‘मी आजारी पडल्यावर एक मुलगा आला होता मशीनांवर, तो सांगितल्यावर निघून गेला. मी तेव्हा अंथरुणात, मशीनं बंद राहिली. पलीकडच्या खुर्चीवर दोघी बहिणी यायच्या. त्या दगावल्या त्यात. मग मी ठरवलं, आता कोणालाच सांगायचं नाही.’

मी तिला ताई म्हणत होते.

२५ एप्रिल

काकांकडे गेले. ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्यांच्यासमोर माझा आवाजच लहान होतो. लहानपणापासूनचा.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. हेच भयंकर होतं. खुर्चीत रेलून, जसे बाबांच्या आजाराबद्दल आईला समजावायचे तसेच बोलले. गोळी थांबवली तर माणसं दुपारपर्यंत उभी राहत नाहीत. मीठ निघालं नाही तर मिठागर बंद. मिठागर बंद तर दवाखाना बंद, मग या चार खुर्च्याही नाहीत. आणि माझं म्हणशील तर, तू अंथरुणाला खिळली असतीस तर मशीनं कोणी चालवली असती? तरुण आहेस, वाटलं झेपेल.

मी विचारलं, बाबांनाही ही गोळी होती का.

‘मीच देत होतो,’ ते म्हणाले. ‘तेव्हा मला ठाऊक नव्हतं.’

‘आणि नंतर?’

त्यांनी चष्मा पुसला. ‘नंतर ठाऊक होतं.’

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. एवढ्या मऊ हाताने, की इतकी वर्षं आई आणि मी त्याला माया म्हणत आलो. दर सणाला आई त्यांना नमस्कार करायला लावायची. मी वाकायचे आणि ते आशीर्वाद द्यायचे.

२८ एप्रिल

सकाळी फाटकावर उभी राहिले. कंपाउंडरच्या शेजारीच. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, घेऊ नका, यानेच किडन्या जातात, मी हिरव्या पट्ट्या बघितल्या आहेत, माझी स्वतःची बघितली आहे. लोकांनी मुकाट ऐकून घेतलं. काहींनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं. मग तळहात पुढे केले. एक माणूस जरा ओशाळून म्हणाला की बाई, नाही घेतली तर सकाळी हात उचलत नाही. मला कळलं. माझाही उचलत नाही.

दोघी-तिघी बायकांनी गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं आणि पुढे जाऊन पाण्यात टाकली. मी बघितलं. निदान तेवढ्या.

१ मे

जायचं ठरवलं होतं. ट्रंक भरली. जीप नाही, दुरुस्तीला गेली आहे. फाट्यापर्यंत चालत निघाले, पण वाफ्यांच्या अर्ध्यातच उलटी. मग पुन्हा. पांढरं, सगळं पांढरं. त्या चहावाल्या म्हातारीने आणि कोणीतरी मला उचलून परत आणलं.

परत इथेच.

४ मे

पोटात पाणी ठरत नाही. लघवी जवळजवळ नाही. तोंडाला लोखंडाची चव. ही चव पेशंट सांगायचे, मी मान हलवायचे.

पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर वर आला होता. फारसा बोलणारा नाही. त्याला बाटलीतल्या गोळ्या रुमालात बांधून दिल्या, मला शिकवणाऱ्या मॅडमचं शहरातलं हॉस्पिटल सांगितलं, आणि म्हटलं, फक्त हे त्यांच्या हातात दे, माझ्याबद्दल सांग. त्याने रुमाल खिशात घातला. काकांना नेऊन देईल बहुतेक. आता कोणावरच भरवसा राहिलेला नाही.

६ मे

काकांनी मानेत नळी घातली. दुसरा इलाज नव्हता. पोटॅशियम वाढलंय, हृदय थांबू शकतं, हे मलाच जास्त ठाऊक. मान वळवून द्यावी लागली. त्यांच्याच पुढे. ते म्हणाले, शाब्बास पोरी, हलू नकोस.

काकू दारात उभ्या राहून रडत होत्या. खरंच रडत होत्या. तेच कळत नाही मला.

मशीन काका चालवतात. मी हसऱ्याच्या खुर्चीवर. हसरा खाली बाकावर थांबला आहे, त्याची पाळी मला दिली म्हणून. आज हसला नाही.

९ मे

काका म्हणतात, जवळपास दुसरी खुर्ची कुठेच नाही, तेव्हा आता इकडे-तिकडे जायचं मनात आणू नकोस. प्रेमाने म्हणाले. बरी झालीस की पुन्हा मशीनं सांभाळ. नाही झालीस, तरी बसून सांभाळता येतील. ताई सांभाळायची तशी.

म्हणजे हे आधीच ठरलेलं —

१३ मे

डोकं चालत नाही. शब्द सापडत नाहीत. मशीनवर आहे. मान बांधलेली, हात मोकळे, म्हणून लिहिते.

खाली गाडी. टँकर नाही, जीप नाही. मॅडमचा आवाज. मॅडमच. ड्रायव्हरने दिला रुमाल. दिला.

मॅडम वर आल्या. बरोबर अजून दोघं. मी बोलायला गेले, जीभ जड, नीट बोललेच नाही. काका म्हणाले, बोलू देऊ नका तिला, भ्रम होतो आहे. मॅडमनी माझा हात धरला. मग शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारलं, तुम्ही इथल्या नर्स होतात ना, या गोळ्या कोण देतं.

ताईने काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळे भरलेले.

‘कोणी देत नाही,’ ताई म्हणाली. ‘ही स्वतःच खायची. चोरून. मी कितीदा अडवलं.’

मॅडमनी हात सोडला. हळूच. वाईट वाटून.

सगळे खाली गेले. काका चहा विचारतायत.

ताई तोंड फिरवून बसली आहे. म्हणते, माफ कर. म्हणते, चार खुर्च्या आहेत, फक्त चार. 

त्या बायकांची आठवण येते. गोळी पाण्यात टाकणाऱ्या. त्या सांगतील. मॅडमना फाटकापर्यंत न्यायला हवं. बस, एवढंच. गाडी निघायच्या आत.

खाली दारं उघडल्याचा आवाज.

मशीन बंद करायचं आहे. स्वतःचं कधी केलं नाही. क्रम चुकला तर हवा आत किंवा रक्त बाहेर. डोकं चालत नाही म्हणून लिहून करते.

पंप बंद. केला. मशीन ओरडतंय. ओरडू दे.

मानेजवळचा लाल चिमटा, रक्त बाहेर नेणाऱ्या नळीचा. लावला. फिल्टरमधलं रक्त जाईल. जाऊ दे.

ताई म्हणते, नको, मरशील. उठू बघते आहे. तिलाही नळ्या आहेत, तिला उठता येत नाही.

काकांची पावलं. जिन्यात.

निळा चिमटा. बोटं घसरतात. निळा लावल्यावर मगच जोड सोडायचा, आधी नाही. आधी नाही. लावला. लाल जोड सुटला. टोपण. आता निळा जोड, उलटा फिर—